एक सहल आणि चार वयें

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आमच्या हातीं पडलें. त्या लिहितात कीं, घरांत तीन मुलें आहेत : थोरला चौदा वर्षांचा, मधली नऊ वर्षांची, आणि शेंडेफळ अवघें चार वर्षांचें. शनिवार-रविवारची सुटी आली कीं, कोठें जावयाचें या एका प्रश्नावरून घरांत असा कलह माजतो कीं, त्यापेक्षां सोमवारची शाळा बरी वाटूं लागते. थोरल्यास डोंगर हवा, मधलीस झोपाळे हवेत, आणि धाकट्यास आईच्या कडेवरून खालीं उतरावयाचें नसतें. शेवटीं एखाद्या मॉलमध्यें जाऊन, कांहींतरी खाऊन आणि बरेचसे पैसे खर्चून मंडळी परत येतात. आणि परत येतांना कोणी कोणाशीं बोलत नाहीं. “आपल्यासारख्या जाणत्या शिक्षकांनीं यावर कांहीं उपाय सुचवावा,” अशी त्यांची विनंती आहे.

“जाणत्या” हा शब्द वाचून आम्हांस थोडें हसूं आलें आणि बरीचशी लाजहि वाटली. शाळेंत आमचीं छत्तीस वर्षें गेलीं. मुलांच्या सहली किती नेल्या, याची गणती आतां लागणार नाहीं. परंतु सहलीचें खरें शास्त्र आम्हांस कळलें तें सेवानिवृत्तीनंतर, आणि तेंहि स्वतःच्या नातीकडून कानउघाडणी झाल्यावर. तो प्रसंग जसा घडला तसा सांगणें, हेंच या पत्राचें प्रामाणिक उत्तर होईल.

आमचीं चारहि नातवंडें पुण्यांतच आहेत. थोरल्या चिरंजीवांची कन्या पंधरा वर्षांची व मुलगा अकरा वर्षांचा. धाकट्यांची कन्या सात वर्षांची आणि मुलगा साडेतीन वर्षांचा. गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं दोन्ही मुलांना व सुनांना सवड नव्हती, म्हणून चौघांनाहि सहलीस नेण्याचें आम्हीं अंगावर घेतलें. आदल्या रात्रीं बसून, शाळेंतल्या संवयीप्रमाणें, वेळापत्रक आंखलें. सकाळीं आठ वाजतां शनिवारवाडा, साडेनऊला पाताळेश्वर, अकराला राजा दिनकर केळकर संग्रहालय, एक वाजतां भोजन, तीन वाजतां पर्वती. खिशांत एक कागदहि ठेवला होता. प्रत्येक ठिकाणीं विचारावयाचे प्रश्न त्यावर क्रमवार लिहिलेले होते!

पुढें काय झालें असेल, याची कल्पना चतुर वाचकांस आलीच असेल. शनिवारवाड्यांत आम्हीं सांगितलें कीं, १७३० सालीं या वाड्याचा पाया घातला गेला आणि १८२८ सालच्या आगींत आंतील इमारती जळून गेल्या. आम्ही हें सांगत असतां साडेतीन वर्षांचे गृहस्थ एका खारीच्या मागें धांवत होते, आणि त्यांच्या मागें त्यांची थोरली ताई. पाताळेश्वरीं तोच प्रकार. संग्रहालयांत पोंचलों तों अकरा वाजून गेले होते. धाकट्याची झोपेची वेळ जवळ आली होती. त्यानें रडण्यास आरंभ केला. सात वर्षांची नात प्रत्येक वस्तूच्या कांचेवर नाक लावून पाही आणि पुढें सरकण्याचें नांव घेईना. अकरा वर्षांचा नातू शस्त्रें कोठें आहेत तें विचारीत एकटाच पुढें निघून गेला. आमच्या हातांत प्रश्नांचा कागद तसाच राहिला. या सर्व वेळीं धाकट्यास कडेवर घेऊन, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी अडकवून, थोरली नात एका खांबाशीं उभी होती. तिनें त्या संग्रहालयांतील एक वस्तूहि धडपणें पाहिली नसेल. पर्वती त्या दिवशीं झालीच नाहीं. रिक्षा करून आम्ही घरीं परतलों.

संध्याकाळीं आम्हीं सहज म्हटलें, “पुढच्या रविवारीं राहिलेली पर्वती करूं.” त्यावर थोरली शांतपणें म्हणाली, “आजोबा, तुम्ही सगळे जा. मी नाहीं येणार. तुम्ही सहलीला जातां. मी मुलं सांभाळायला येतें.”

तिच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. रात्रीं आम्हीं हें घरांत सांगितलें, तेव्हां आमच्या गृहिणी म्हणाल्या, “तिचं काय चुकलं? धाकट्याला तिच्या कडेवर दिलंत. तिच्या जागीं पंधरा वर्षांचा मुलगा असता, तर दिलं असतंत का?” आम्ही निरुत्तर झालों. मुलगी थोरली असली कीं तिची सहल ही आपोआपच दुसऱ्यांची सोय होते, हें आम्हीं शाळेंतल्या मुलींच्या बाबतींत पुष्कळदां पाहिलें होतें; आपल्या घरांत मात्र तें दिसलें नाहीं. पुत्र सोळा वर्षांचा झाला कीं त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें, असें आमच्या जुन्या सुभाषितकारांनीं सांगून ठेविलें आहे. नातीला सोळावें लागण्यास थोडेच महिने उरले होते, आणि आम्हीं तिला मित्र न करतां हमाल केलें होतें.

त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं. मन मागें गेलें तें आमच्या पहिल्या नोकरीपर्यंत. मावळांतील एका लहान गांवीं एकशिक्षकी शाळा होती : एक खोली, एक फळा, चार इयत्ता आणि एक मास्तर. पहिल्या आठवड्यांत आम्हीं चारहि इयत्तांस एकदम शिकवूं पाहिलें, आणि कोणासच कांहीं आलें नाहीं. मग शेजारच्या गांवच्या एका वृद्ध मास्तरांनीं युक्ति सांगितली. खोली एक असली तरी काम चार प्रकारचें द्यावें. पहिलीनें चिंचोके मांडावे, दुसरीनें पाटीवर पाढे लिहावे, तिसरीनें पाठ मनांत वाचावा, आणि तेवढ्या वेळांत चौथीस गणित समजावून द्यावें. मास्तरानें फिरत राहावें. सर्वांस एकच गोष्ट आवडली पाहिजे, हा हट्ट सोडला कीं एका खोलींत चार शाळा सुखानें चालतात.

हें सर्व ज्ञान आम्हीं गांठीं बांधून पुण्यास आणलें होतें, आणि चार नातवंडांस घेऊन बाहेर पडतांना विसरलों होतों. सर्वांस सारखीच आवडेल अशी जागा शोधण्यांत आपण शक्ति खर्च करतों. वस्तुतः अशी जागा पृथ्वीवर नाहीं. जागा कोणतीहि चालते. तेथें प्रत्येक वयास त्याचें त्याचें काम मिळालें पाहिजे.

पुढचे दोन रविवार आम्ही गप्प बसलों. तिसऱ्या आठवड्यांत थोरलीस बोलावून म्हटलें, “पर्वतीस जाऊं या. वर पोंचल्यावर एक तास सर्वस्वीं तुझा. त्या तासांत तुला कोणी हांक मारणार नाहीं. धाकटा रडला तरी नाहीं. तो आमच्याकडे.” तिनें आमच्याकडे जरा संशयानें पाहिलें, पण ती आली. आल्यासारखी आली, इतकेंच त्या सकाळीं म्हणतां येईल.

पर्वती हें पुणेकरांच्या इतक्या नित्याचें स्थान आहे कीं, तें सहलीचें स्थान आहे हेंच आपण विसरतों. नानासाहेब पेशव्यांनीं बांधविलेलें देवदेवेश्वराचें मंदिर १७४९ सालीं पूर्ण झालें. पायऱ्या रुंद आणि उंचीनें बेताच्या आहेत, म्हणून लहान मुलास चढावयास सोयीच्या. पायथ्याशीं आम्हीं कामें वांटलीं. धाकट्यास दहापर्यंत मोजतां येतें. त्यास सांगितलें कीं, दहा पायऱ्या झाल्या कीं एक खडा उचलून खिशांत टाकावयाचा. सात वर्षांच्या नातीनें त्याच्या बरोबर राहून पायऱ्यांचा पुरा हिशेब ठेवावयाचा, आणि उतरतांना पुन्हां मोजून ताळा पाहावयाचा. अकरा वर्षांच्या नातवाच्या हातीं होकायंत्र आणि शहराचा नकाशा दिला, आणि वर गेल्यावर पांच ठिकाणें दिशेसह शोधून दाखवावयाचीं, असें सांगितलें. थोरलीस आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं.

चढावयास नेहमींच्या तिप्पट वेळ लागला. दर दहा पायऱ्यांस खड्यांची निवड होई, आणि गृहस्थांस साधा खडा चालत नसे! परंतु रडणें नाहीं, कडेवर घ्या म्हणणें नाहीं. एकूण पायऱ्या किती भरल्या, हें आम्ही येथें मुद्दामच सांगत नाहीं. नातीचा चढतांनाचा आणि उतरतांनाचा आंकडा जुळला नाहीं, आणि तेवढ्यासाठीं ती पुन्हां पर्वतीस जाण्यास आतां उत्सुक आहे. वाचकांच्या घरच्या मुलांनींहि स्वतःच मोजून पाहावें.

वर पोंचतांच थोरली एका कठड्यापाशीं जाऊन बसली. तिच्या हातांत मोबाइल होता. बोलण्याचा मोह आम्हांस फार झाला, पण वचन दिलें होतें. नातू होकायंत्र घेऊन कामास लागला. नैर्ऋत्येस सिंहगड त्यानें सहज ओळखला. पायथ्याशीं सारसबागेची झाडी दिसली, आणि जेथें ती बाग आहे तेथें पूर्वीं तळें होतें व म्हणून त्या गणपतीस तळ्यांतला गणपति म्हणतात, हें ऐकून त्यास मोठी मौज वाटली. खडकी कोणीकडे, हें शोधावयास मात्र त्यास वेळ लागला. सांपडल्यावर आम्हीं सांगितलें कीं, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली ती दुसऱ्या बाजीरावानें या पर्वतीवरून पाहिली, असें सांगतात. तो बराच वेळ त्या दिशेस पाहात राहिला. मग म्हणाला, “इतक्या लांबून त्यांना काय दिसलं असेल? नुसता धूर.” हा प्रश्न आमच्या कागदावर नव्हता.

नंतर आम्हीं त्यास नानासाहेबांची हकीकत सांगूं लागलों. जानेवारी १७६१ मध्यें पानिपतावर भाऊसाहेब आणि नानासाहेबांचे थोरले चिरंजीव विश्वासराव पडले; तो घाव नानासाहेबांस सोसला नाहीं, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत त्यांनीं याच पर्वतीवर देह ठेविला. एवढें सांगून होतें तों मागून आवाज आला, “विश्वासराव किती वर्षांचे होते?” थोरली केव्हां येऊन उभी राहिली, तें आम्हांस कळलेंहि नाहीं. आम्हीं सांगितलें, “अठरा.” ती म्हणाली, “म्हणजे माझ्यापेक्षां तीनच वर्षांनीं मोठे.” आणि नानासाहेब जेथें गेले ती जागा कोठें, हें तिनें स्वतः होऊन विचारलें. तिच्या तासांतील वीस मिनिटें अजून शिल्लक होतीं.

उतरतांना शेवटच्या पायऱ्यांवर धाकटा दमला. तिनें त्यास उचलून कडेवर घेतलें. कोणी सांगितलें नव्हतें.

त्या दिवसापासून आमच्या सहली नीट चालूं लागल्या. अडचणी येतातच, परंतु ज्या चार-पांच गोष्टी अनुभवानें पक्क्या झाल्या, त्या त्या भगिनींसाठीं येथें क्रमानें मांडतों.

पहिली गोष्ट ही कीं, एका दिवशीं एकच स्थान, आणि तेंहि अर्ध्या दिवसाचें. सहलीची लांबी सर्वांत लहान मुलाच्या झोपेनें मोजावी. तो दुपारीं एकला झोंपत असेल, तर साडेबारास घरीं यावें. “अजून थोडें राहूं या,” असें मोठीं मुलें म्हणत असतांनाच निघणें उत्तम. कारण सर्वांस पुरे झालें म्हणून निघालेल्या सहलीस पुन्हां कोणी येत नाहीं. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर या दृष्टीनें फार सोयीचें आहे. आठव्या शतकाच्या सुमारास अखंड खडकांत कोरलेलें तें लेणें भर वस्तींत आहे. पुढच्या वाटोळ्या नंदिमंडपाभोंवतीं लहान मूल हवें तितकें धांवूं शकतें. आणि वरून खालीं कोरीत आणलेल्या कामांत चुकलेला दगड पुन्हां जोडतां येत नाहीं, हें एकदां सांगितलें कीं मोठें मूल पाऊण तास खांब न्याहाळीत बसतें.

दुसरी गोष्ट, काम वयाप्रमाणें द्यावें. चारपर्यंतच्या मुलास हातानें करण्याचें काम द्यावें : खडे, पानें, बिया वेंचणें. सहा ते नऊच्या मुलांस मोजण्याचें आणि शोधण्याचें. दहा ते तेराच्या मुलांस वाट काढण्याचें. नकाशा, होकायंत्र, बसचा क्रमांक आणि जाण्यायेण्याचा हिशेब त्यांच्या स्वाधीन करावा. आणि त्यापुढील मुलांस काम सांगूं नये. त्यांस वेळ द्यावा. मोबाइल हिसकावून घेऊं नये. आमच्या नातीनें पर्वतीवर त्याच यंत्रानें खालील शहराचीं आणि भावंडांचीं अशीं छायाचित्रें घेतलीं होतीं कीं, तीं पाहून आम्ही थक्क झालों. ती कठड्यावर बसून काय करीत होती, तें आम्हांस चार दिवसांनीं कळलें.

तिसरी गोष्ट, थोरल्या मुलास दाई करूं नये. लहानांची जबाबदारी देऊंच नये, असें नव्हे. एकशिक्षकी शाळेंत चौथीचीं मुलें पहिलीस अक्षरें गिरवून घेत, आणि त्यांत त्यांचें भलेंच होई. पण तें काम अर्ध्या तासाचें असे, आणि तें संपल्याची घंटा होई. आपण घरांत घंटा द्यावयास विसरतों.

चौथी गोष्ट, स्थान निवडण्याची पाळी लावावी. एका रविवारीं एकानें निवडावें आणि इतरांनीं त्याचे पाहुणे व्हावें. साडेतीन वर्षांच्या गृहस्थांची पाळी आली तेव्हां त्यांनीं विनाविलंब निर्णय दिला : “जेसीबी!” पुण्यांत रस्ता खणलेला नाहीं असें कधींच नसल्यामुळें ही इच्छा पुरविणें अवघड नव्हतें. एका खोदकामापाशीं, कठड्याच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर आम्ही सर्वजण पाऊण तास उभे होतों. पहिलीं दहा मिनिटें मोठ्यांच्या मुद्रा पाहण्यासारख्या होत्या. मग नातवानें त्या यंत्राचा हात कोपर आणि मनगट यांसारखा कसा दुमडतो आणि नळ्यांतील तेलाच्या दाबानें कसा चालतो, हें धाकट्यास समजावून दिलें. सातवर्षीय नात एका खेपेस किती माती निघते तें मोजूं लागली. थोरली हंसून हंसून बेजार झाली. त्या दिवशीं खर्च झाला तो पांच पेले उसाच्या रसाचा, आणि तें वर्षांतील आमचें सर्वांत यशस्वी पर्यटन होतें, असें घरांत सर्वानुमतें ठरलें आहे.

पांचवी गोष्ट, सर्वांनीं सर्व वेळ एकत्रच असलें पाहिजे, असें नाहीं. वाटा वेगळ्या असाव्या, पण भेटीची जागा एक असावी. सिंहगड हें याचें उत्तम उदाहरण होय. पुण्याहून सुमारें तीस किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीचा हा गड. आतकरवाडीहून पायवाट वर जाते, आणि गाडीची वाटहि वरपर्यंत गेलेली आहे. माघांत आम्हीं असें केलें : दोन मोठीं मुलें आपल्या वडिलांबरोबर पायवाटेनें निघालीं, आम्ही उभयतां दोन लहानांस घेऊन गाडीनें गेलों, आणि पुणे दरवाज्यापाशीं त्यांची वाट पाहात बसलों. वर येणारीं मुलें घामाघूम होऊन आलीं, आणि धाकटीं दोघें त्यांस पाणी देण्यास धांवलीं. मग देवटाक्याचें थंड पाणी पाहणें, पिठलें-भाकरी, मडक्यांतलें दहीं. आणि १६७० सालच्या फेब्रुवारींतील तानाजी मालुसऱ्यांची हकीकत त्यांच्या समाधीपाशीं सांगण्याचें काम आमच्याकडे नव्हे, तर अकरा वर्षांच्या नातवाकडे. ज्यानें गड पायीं चढला आहे, त्यानेंच ती सांगावी. मात्र भर पावसाळ्यांत लहान मुलांस घेऊन हा बेत करूं नये. घाटांत दरडी येतात आणि सुटीच्या दिवशीं गाड्यांची रांग हटत नाहीं.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयासहि हाच न्याय लावावा. आमच्या लहानपणीं पेशवे उद्यानांत पाहिलेलें प्राणिसंग्रहालय पुढें तेथें गेलें. उद्यान विस्तीर्ण आहे; सर्व प्राणी पाहण्याचा हट्ट धरला, तर शेवटीं पाहिला जातो तो केवळ रस्ता. प्रत्येकानें एकच प्राणी निवडावा, आणि त्याच्यापाशीं सर्वांनीं पाव तास थांबावें. पाव तास थांबल्यावर निजलेला प्राणीहि कांहींतरी करतोच. बुधवारीं तें बंद असतें, एवढें ध्यानांत ठेवावें.

शिदोरीविषयीं अधिक सांगण्याचें कारण नाहीं. आमच्या वाचक भगिनी त्यांत आमच्या गुरु आहेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि धाकट्यासाठीं दहींभात एवढें बरोबर असलें कीं, भुकेमुळें होणारीं निम्मीं भांडणें टळतात. फक्त शिदोरीची पिशवी दर वेळीं एकाच्याच पाठीवर जाऊं नये.

शेवटची गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांची, आणि विशेषतः आम्हां मास्तर मंडळींची. तोंड आवरावें. मुलानें विचारीपर्यंत सांगूं नये. हें आम्हांस किती अवघड गेलें, तें आमच्या घरांत विचारावें! पण त्याचें फळ आम्हांस केळकर संग्रहालयांतच मिळालें. फाल्गुनांत सातवर्षीय नातीची पाळी आली, आणि आश्चर्य असें कीं, जेथून आम्ही पराभूत होऊन परतलों होतों तेंच संग्रहालय तिनें निवडलें. “मागच्या वेळीं मला नीट बघूं दिलं नाहींत,” असें कारणहि दिलें. या वेळीं प्रश्नांचा कागद घरीं ठेविला. धाकट्यानें मोर आणि हत्ती शोधावयाचे होते. दिव्यांवर, अडकित्त्यांवर, पेट्यांवर ते इतके सांपडले कीं, त्याची दहाची मोजणी वारंवार संपे. नातू वाद्यांपाशीं रमला. थोरली एका वज्रीपाशीं उभी राहून म्हणाली, “पाय घासायच्या वस्तूलाहि इतकं सुंदर करायचं!”

बाहेर येतांना नात पाटीकडे बोट करून म्हणाली, “आजोबा, राजा केळकर हे कुठले राजे होते?” आम्हीं सांगितलें कीं, ते कोठलेच राजे नव्हेत. दिनकर गंगाधर केळकर नांवाचे एक गृहस्थ होते; १८९६ सालीं जन्मले आणि १९९० सालीं गेले. अज्ञातवासी या नांवानें ते कविता करीत. त्यांच्या मुलाचें नांव राजा. तो लहानपणींच वारला. त्यांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून या हजारों वस्तु जमविल्या, आणि त्या संग्रहास त्या मुलाचें नांव दिलें.

ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “म्हणजे हें सगळं त्याला दाखवायचं होतं.” तिच्या ताईनें तिचा हात धरला, आणि दोघी तशाच रस्त्यापर्यंत चालत आल्या. मार्गशीर्षांत आम्हीं याच ठिकाणीं सव्वा तास बोलत होतों, पण पाटीवरच्या नांवाविषयीं एक शब्दहि सांगितला नव्हता.

त्या भगिनींस शेवटीं एक लहानसें गणित सांगावयाचें आहे. आमची थोरली नात पंधरा वर्षांची. ती अठराची होईल आणि शिक्षणासाठीं कदाचित् दुसऱ्या गांवीं जाईल, तोंपर्यंत तीन वर्षें, म्हणजे १५६ रविवार. त्यांतून परीक्षांचे, पावसाचे, आजारपणाचे, लग्नमुंजीचे आणि तिच्या मैत्रिणींचे रविवार वजा केले, तर चौघें भावंडें एकत्र बाहेर पडतील असे तीस-चाळीसच उरतात. आपला थोरला चौदाचा आहे. आपल्या हिशेबांत थोडे अधिक निघतील, इतकेंच. यापुढें “कोठें जावयाचें” यावरून घरांत भांडण जुंपलें, कीं हा आंकडा मनांत आणावा, आणि चार वर्षांच्या शेंडेफळास त्याची पाळी द्यावी. तें जेसीबी म्हणालें, तर जेसीबी पाहावयास जावें.

आमच्या घरीं येत्या रविवारीं थोरलीची पाळी आहे. कोठें जावयाचें तें तिनें अद्याप सांगितलेलें नाहीं. आम्हींहि विचारलेलें नाहीं.